बुधवारचं कुलूप

मी मेडिकल कॉलेजात पीएसएम शिकवते, म्हणजे रोग होण्याआधीच तो कसा अडवायचा ते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, की थुंकीची तपासणी. वर्षानुवर्षं पोरांकडून हे घोकून घेतलंय. तोंडी परीक्षेत हे चुकलं की मी सरळ नापास करते.

बुधवारी सकाळी पोरं फील्डवर असतात, माझा वर्ग दुपारी. त्यामुळे अकराला मी अंधेरीत घरीच. त्याच सुमारास वर्सोव्याहून आमची कोळीण यायची, दारात पाटी उतरवायची. नवरा गेलेला, लेक मढला दिलेली, बाई एकटी. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाय. त्या वर्षी ती फार खोकत होती. मासे साफ करता करता थांबायची, पदर तोंडाला लावायची.

“मावशी, हा खोकला बरा नाही हं.”

“सुक्या मासळीची धूळ गो बाय. जाईल. हलवा घे, ताजा हाय.”

मी हलवा घेतला. थुंकीची डबी द्यावी असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण तिच्या कोळीवाड्यात आमच्या पोरांची टीबीची पाहणी चालूच होती, घरोघर. तिचंही घर येईलच की, मध्ये आपली लुडबूड कशाला? शहाणीच ना मी!

मग तीन बुधवार ती आलीच नाही. चौथ्या बुधवारी पाटी घेऊन तिची लेक दारात उभी.

“आई गेली,” म्हणाली. “तोंडातून रक्त पडला. दवाखान्यात टीबी बोलले, पन उशीर झालता.”

माझ्या हातात रिकामं ताट होतं. 

दुपारी वर्ग रद्द केला आणि पाहणीचे फॉर्म काढून बसले. मावशीचं नाव सापडलं, शेजारणीनं सांगितलेलं. पुढे ‘कुलूप’. घर बंद असेल तर तीनदा जायचं, मग कुलूप लिहून पुढे सरकायचं, हा नियम माझाच. फॉर्म भरणाऱ्या पोरीनं इमानदारीत तिन्ही फेऱ्या लिहिल्या होत्या. तिला काय बोलणार?

मग तारखा बघितल्या. तिन्ही बुधवार, मावशी यायची थांबली त्याच्या आधीचे. वेळ, सकाळी अकरा.

माझी विद्यार्थिनी तिच्या दाराचं कुलूप बघून परत फिरत होती, तेव्हा मावशी माझ्या दारात बसून खोकत होती.