दिवा न लावलेला उजवा पाय

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला लाल दिव्यांचा पट्टा दाखवलात. "आजी, पायाला गुंडाळ, फुगलेल्या शिरा बसतील, ऑपरेशन नको," म्हणालात. तो मागवण्याआधी हे वाचा. बेंगळुरूत पोलीस इन्स्पेक्टर असताना हाताळलेली एक केस मला अजून जशीच्या तशी आठवते. तीही अशाच दिव्याची होती.

माझ्या ठाण्यात बेळगावकडच्या एक हेड कॉन्स्टेबल होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. बंदोबस्तात उभं राहून राहून त्यांच्या दोन्ही पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. डाव्या घोट्यावरची जखम भरत नव्हती. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, उपचार टाळले तर पायावर बेतेल. अक्कांनी तिकडे जाणंच सोडलं.

"राजाजीनगरात एक सेंटर आहे, मॅडम," त्या म्हणाल्या. "निळा दिवा लावतात. सुई नाही, चाकू नाही. शीर गेलेली मी डोळ्यांनी पाहिली."

"आणि जखम?"

"ती स्वल्प वेळ घेईल म्हणाले."

मला मिळालेली खबर एवढीच. फिर्यादीशिवाय हात घालता येईना, आणि फिर्याद द्यायची ज्यांनी, त्या अक्काच दिव्यावर लट्टू! शेवटी साध्या वेशात, अक्कांची धाकटी बहीण म्हणून मी सोबत गेले. दारात अक्कांचा हात सवयीने सॅल्यूटला उठला. मी तो धरून म्हटलं, "चल गं ताई, उशीर झाला."

पांढऱ्या कोटातल्या माणसाने अक्कांना आडवं केलं आणि दोन्ही पाय उंच उशीवर ठेवले. "आज फक्त डावा. उजवा पुढच्या महिन्यात," म्हणाला. निळा दिवा लागला. थोड्याच वेळात डाव्या पोटरीवरच्या शिरा खरोखर दिसेनाशा झाल्या. अक्कांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. त्याने फोटो काढला आणि पाय खाली घेण्याआधीच घट्ट पट्टी बांधायला घेतली.

तेवढ्यात माझी नजर उजव्या पायावर गेली, आणि मी खुर्चीतून उठलेच. तिथे दिवा लागलाच नव्हता, तरी तिथल्या शिराही गायब!

"थांबा. पट्टी नको. ताई, उभी राहा."

"अहो, उभं राहायचं नसतं!" तो ओरडला.

अक्का उतरल्या. आमच्या डोळ्यांदेखत दोन्ही पोटऱ्या भरू लागल्या. एकेक शीर जुन्या वाटेने फुगून वर आली. पाय उंच केला की रक्त उतरतं आणि शीर रिकामी होते, एवढीच त्याची जादू. पुढे पट्टी ती दाबून ठेवी.

अक्का आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल झाल्या. "मॅडम," त्या म्हणाल्या, बहिणीचं नाटक संपलं, "माझी फिर्याद लिहून घ्या."

पंच बोलावले, दिवा जप्त केला, माणसाला ठाण्यात आणलं. चौकशीत तो अडूनच बसला होता. "हजारो लोक बरे झाले, मॅडम. विचारा कुणालाही." मग शेजारच्या खोलीत नेऊन त्याची अंगझडती घेतली, तर परत आलेल्या हवालदाराला हसू आवरेना. पँटच्या आत त्या दिवेवाल्याने दोन्ही पायांत डॉक्टर देतात तसले घट्ट मोजे घातले होते.

"तुलाही शिरांचा त्रास?" मी विचारलं. "मग दिवा घरचाच होता की."

त्याने मान खाली घातली. पुढचा जबाब सरळ झाला. डॉक्टरकीची पदवी नव्हती. पूर्वी तो ब्यूटी पार्लरना दिवे विकायचा.

अक्का भोळ्या नव्हत्या. भल्याभल्या खिसेकापूंना त्या चालीवरून ओळखत. त्यांना चाकूची भीती होती, आणि त्याने नेमकी तीच हेरली. तेव्हापासून कुणी काही सिद्ध करून दाखवलं की मी विचारते, हे केलंच नसतं तर काय झालं असतं? तुम्हीही विचारत जा.

गंमत म्हणजे अक्का शेवटी उजेडानेच बऱ्या झाल्या. पण तो हॉस्पिटलमधला लेझर होता. जागा बधिर करून, सोनोग्राफीवर बघत, डॉक्टरांनी बारीक तार शिरेच्या आत घातली आणि शीर आतून बंद केली. सुई टोचताना अक्कांनी माझा हात इतका आवळला की माझ्या बांगडीचे वळ उठले.

त्या अजून दर रविवारी चामराजपेटेतून बसने माझ्याकडे कॉफीला येतात. जिना स्वतः चढतात. घोट्यावर काळपट डाग राहिला आहे. पाय शाबूत आहे.