तपासणारीही मीच

एम.कॉम.ला असताना मी चक्क एक खोटी पार्टनर तयार केली होती. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची तरुणी होते, नुकतीच निवृत्त झालेली, त्यामुळे अक्कल बेताचीच.

विषय होता, कंपन्यांचे हिशेब कॉम्प्युटरवर कसे ठेवायचे आणि त्यातली लबाडी कशी रोखायची. प्रोजेक्ट जोडीनं करायचा होता. एकानं एका काल्पनिक दुकानाच्या खरेदीच्या नोंदी करायच्या, दुसऱ्यानं त्या तपासून मंजूर करायच्या. पण मुलुंडच्या त्या वर्गात मी पहिल्यांदा शिरले तेव्हा पोरं मला मॅडम समजून उभी राहिली होती, आणि नंतर माझ्या बाकावर शेजारी फक्त माझी पर्स बसायची. 'माझ्या जोडीला येतेस का गं?' एवढं विचारायला माझा बाईसाहेबी तोरा आड आला.

मग जोडीला मिळणारे दोन्ही लॉगिन मीच घेतले. दुसऱ्यावर मनानंच एका बाईचं नाव टाकलं. ती माझ्या नोंदी मंजूर करायची आणि शेरा द्यायची, 'वा, काय सुबक काम!' खोटं कशाला सांगू, तो शेरा वाचून मला बरं वाटायचं.

सरांनी सगळ्यांसमोर पडद्यावर सिस्टीमचा लॉग उघडला. नावं दोन, कॉम्प्युटर एकच, आणि नोंद व मंजुरीत अर्ध्या मिनिटाचं अंतर. वर्ग खो खो हसला. मी तडक जिन्याकडे निघाले, तर कानात इअरफोन घालून कायम मागे बसणारी एक मुलगी धापा टाकत आली.

"काय यार काकू! मला विचारायचं ना. मीपण एकटीच करत होते."