सासूबाईंच्या वाट्याचे धपाटे

म्हैसमाळची वानरं माझ्या मैत्रिणीला ओळखायची. मला नाही, तिलाच. पठारावर दूरदर्शनच्या मनोऱ्याच्या पलीकडे करवंदीच्या जाळ्या आहेत, तिथं आमची चादर अंथरायची जागा ठरलेली होती. आम्ही बसलो की थोड्या वेळात काळ्या तोंडाची एक वानरी यायची आणि हिच्याकडे बघत बसायची. मी चिडवायचे, "मागच्या जन्मीची नणंद दिसती तुझी." ती हसायची. सहा वर्षं मी हाच विनोद केला आणि सहा वर्षं ती हसली.

आम्ही दोघी एकाच शाळेत. ती गणित शिकवायची, मी मराठी. शाळेत एकमेकींना मॅडम म्हणायचं आणि रविवारी तिची स्कूटी नगर नाक्याच्या पुढे गेली की तू-मी. दौलताबादचा घाट चढून खुलदाबाद, तिथून कधी सुलीभंजन, कधी वेरूळ, पण बहुतेकदा म्हैसमाळच. सकाळी निघायचं, दिवस मावळायच्या आत घरी. नवरा आणि पोरं बरोबर घ्यायची नाहीत, हा एकच नियम. माझा नवरा विचारायचा, एवढं डोंगरावर जाऊन करता काय? काही करत नव्हतो. तिला पक्ष्यांची नावं यायची, मला एकही यायचं नाही. भाद्रपदात सोनकी फुलून पठार पिवळं व्हायचं, ते बघत पाय पसरून बसायचो. आठवडाभर खडू आणि कुकर यांच्यात पिचलेल्या बाईला याहून जास्त काही लागत नाही.

डबे मात्र दोघींचे भरगच्च. ती पुऱ्या आणि बटाट्याची भाजी आणायची आणि मी त्यावर ताव मारायचे. मी न्यायचे धपाटे. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, ओवा, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची, ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकलेले. आमच्या गल्लीत, मुकुंदवाडीत, माझ्या धपाट्यांचं नाव आहे. विहारात कार्यक्रम असला की बायका धपाट्यांचं काम माझ्याच गळ्यात मारतात.

पहिल्याच सहलीत ती म्हणाली, "आत्ता नको, पोट भरलंय. घरी नेते. सासूबाईंना लई आवडतात असले प्रकार." पुढच्या सोमवारी स्टाफरूममध्ये मला बाजूला घेऊन सांगितलं, सासूबाईंनी बोटं चाटून खाल्ले, फक्त त्यांना बीपी आहे आणि दात नाहीत. झालं. तेव्हापासून दर खेपेला मी चार धपाट्यांचं पीठ वेगळं मळायला लागले. त्यात मिरची नाही, मीठ नावाला, मऊ राहावेत म्हणून साय. ते चार वेगळ्या कागदात बांधायचे आणि तिच्या हातात द्यायचे. एकदा ती म्हणाली, "सासूबाई म्हणतात, मीठ अगदी बेताचं असतं. बाईच्या हाताला माप आहे." मी त्या मापात पुन्हा कधी बदल केला नाही.

माझं आडनाव ऐकलं की आमच्या शहरात पुढचं काही विचारावं लागत नाही. आम्ही बौद्ध. तिचं माहेर करमाडकडचं, पाण्याखालची जमीन, दारात ट्रॅक्टर. सुरुवातीला मी सावध होते. आम्हा लोकांना ती सवय असते, कोण कुठं बसतं, कोण कोणत्या पेल्याला हात लावतं, हे डोळे आपोआप टिपतात. पण माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा ही दोन दिवस बाकड्यावर बसून होती. मुख्याध्यापक माझ्यावर घसरले तेव्हा सगळ्यांसमोर हीच बोलली. मग मी डोळ्यांना सांगितलं, बास करा आता. ती आमच्या घरी आली की नेमका तिचा चहा झालेला असायचा, तेही मी टिपायचं सोडून दिलं.

परतायच्या आधी ती नेहमी जाळ्यांमागे जाऊन यायची, पर्स घेऊन. बाईमाणसाला जावं लागतं, त्यात विचारण्यासारखं काय आहे? गेल्या भाद्रपदात ती अशीच गेली आणि आभाळ भरून आलं. थेंब पडायला लागले. छत्री एकच आणि ती माझ्याजवळ. भिजेल म्हणून मी उठले आणि छत्री घेऊन तिच्यामागे गेले.

ती पाठमोरी उभी होती. हातात माझा कागद, माझी गाठ. सासूबाईंचे धपाटे तोडून ती वानरांना टाकत होती. घाई नव्हती, चोरटेपणा नव्हता. रोज कोंबड्यांना दाणे टाकणारी बाई टाकते तसं चाललं होतं. वानरीला पहिला तुकडा, मग बाकीच्यांना. कागद चुरगळून तिनं पर्समध्ये ठेवला, म्हणजे मला तो सापडू नये. मी आल्या पावली मागे फिरले, चादरीवर बसले आणि छत्री उघडायचंही विसरले.

उतरताना खुलदाबादला चहाला थांबलो. ती म्हणाली, "चल गं लवकर, सासूबाई वाट बघत असतील धपाट्यांची." हे ऐकलं आणि मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. तोपर्यंत मी मनात तिची वकिली करत होते, की कधीतरी एखादे वेळी टाकले असतील, आज खराब लागले असतील. त्या एका वाक्यानं सगळी सहा वर्षं नासली. मी एकेक सहल आठवत गेले. तिनं माझ्या हातचा एक घास तोंडात घातलेला मला एकदाही आठवेना. नुसता वास घेऊन ती ओव्याची तारीफ करायची. आणि मी तिच्या पुऱ्यांवर तुटून पडायचे. लोक केसानं गळा कापतात म्हणतात, तो असा कापतात. दुखतसुद्धा नाही आपल्याला.

दोन आठवडे शाळेत मी तिला मॅडम म्हणत राहिले. मग तिचाच फोन आला, "रविवारी जायचं ना? आणि धपाटे आण." मी हो म्हणाले. पहाटे उठून नेहमीसारखं पीठ मळलं, चार धपाट्यांचं वेगळंही मळलं, मीठ तेवढंच. नवरा म्हणाला, "अजून करतेस त्या बाईसाठी?" त्याला मी सगळं सांगितलं होतं. मी म्हणाले, "मला बघायचंय."

त्या दिवशी ऊन होतं. तीच जागा, तीच चादर. मी माझ्या डब्यातला धपाटा घेतला, अर्धा तोडला आणि तिच्यापुढे धरला. "हा इथंच खा."

"घरी नेते ना. सासूबाई..."

"सासूबाईंचे वेगळे आहेत. हा तुझा. एक घास."

तिनं तुकडा हातात घेतला. तेवढ्यात वानरी आली आणि नेहमीच्या अंतरावर बसली. मैत्रिणीची नजर आपसूक वानरीकडे गेली, मग माझ्याकडे आली आणि तिला कळलं.

"कधी बघितलंस?"

"मागच्या खेपेला. तू भिजशील म्हणून छत्री घेऊन आले होते."

ती गवत उपटायला लागली. मग म्हणाली, "पहिल्या वर्षी मी खाऊन बघितला होता. खरंच. तोंडात घातला आणि आमच्या गोठ्यातली गड्यांची वेगळी ताटं डोळ्यापुढं आली. गिळवला नाय. मला लाज वाटते गं याची. लई लाज वाटते. पण घशाखाली उतरतच नाय."

"मग सासूबाईंना कशाला मधे आणलंस?"

"तू इतकी खूश व्हायचीस," ती म्हणाली.

तिचं पहिलं बोलणं मी कदाचित पचवलं असतं. तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटणारी माणसंही आमच्या वाट्याला फार येत नाहीत. पण माझी खुशी बघून तिनं दर सोमवारी मला एक नवी गोष्ट रचून सांगितली होती. सासूबाईंचे दात, सासूबाईंचं बीपी, सासूबाईंची बोटं. तोंडावर नाही म्हणाली असती तर मी भांडले असते, रडले असते, पण पहाटे उठून साय घातली नसती. ओठात एक आणि पोटात एक म्हणतात, इथं पोटापर्यंत काही जाऊच दिलं नव्हतं. मला तिचा राग आला तसा स्वतःचाही आला. मी डोळ्यांना गप्प बसवलं होतं, ते बरोबरच बघत होते.

मी डबा बंद केला, वेगळा बांधलेला कागद पिशवीत टाकला आणि रस्त्याकडे चालायला लागले. ती मागून म्हणाली, "अगं, स्कूटीवर चल. इथून गाडी मिळायची नाय." वानरी थोडी माझ्यामागे आली, मग तिच्याकडे परतली.

म्हैसमाळहून खुलदाबादपर्यंत एका काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीनं आले, पुढे एसटी मिळाली. खिडकीची जागा होती. दौलताबादचा घाट उतरताना कडकडून भूक लागली, कारण त्या दिवशी पुऱ्यांना मी हातही लावला नव्हता. पिशवीत हात घातला तर पहिला तो कागदच हाताला लागला. गाठ सोडली आणि सासूबाईंचा धपाटा खाल्ला.

ते चार मी कधी चाखलेच नव्हते. मोजून चार करायचे, मोजून चार बांधायचे. मऊ होता, पण ठार अळणी. तोंडात फिरत राहिला. बीपी असो की आणखी काही, कुठल्याही म्हातारीनं पहिल्याच घासाला निरोप धाडला असता, की बाई, चिमूटभर मीठ टाक. सहा वर्षं मला तो निरोप आला नाही. उरलेले तीनही मी तसेच अळणी खाल्ले.