शाळा सोडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

मी शाळा सोडली, हे मला चौकातल्या डिजिटल बोर्डावरून कळलं.

तेव्हा कोल्हापुरात या बोर्डांची साथच आली होती. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची म्हैस स्पर्धेत पहिली येवो, लावा बोर्ड!

माझा दहावीचा निकाल लागला होता. आमची शाळा बारावीपर्यंत होती. तिथंच पुढं राहायचं, की आताच बाहेर पडून डिप्लोमाच्या कॉलेजात जायचं, यावर घरात रोज सभा भरे. कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं होतं. आई म्हणे, "शाळा जवळ हाय, बाई वळखीच्या हायत." बाबा म्हणत, "तुला काय वाटतंय?" आणि मी म्हणे, "बघू की!" (मला जायचं होतं हो! पण कॉलेजात ओळखीचं कुत्रं नव्हतं आणि शाळेत माझा बाकसुद्धा ठरलेला होता.)

ही सभा मिलिंदकाकांनी एकट्यानं गुंडाळली. हे बाबांचे धाकटे भाऊ. रिक्षा चालवायचे आणि गल्लीच्या मंडळाचे सेक्रेटरी होते. माझ्या 'बघू की'चा अर्थ त्यांनी 'जाणार' असा लावला आणि राजारामपुरीत जाऊन बोर्ड छापायला टाकला.

सकाळी दूध आणायला गेले तर चौकात मी! फोटो काकांच्याच लग्नातला, तोंडात अर्धी जिलेबी. शेजारी गॉगल लावलेले काका, माझ्या चौपट. त्यांचे खांदे बसवायला छापणाऱ्यानं 'डिप्लोमासाठी' हा शब्दच उडवला होता. उरलं ते असं: 'कु. सुजाता हिने शाळा सोडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

"काका, ह्ये काय?"

"फोटो झ्याक आलाय की!" बोर्डाखालीच रिक्षा लावून उभे असलेले काका खुशीत म्हणाले. "तुझा न्हवं, माझा बघ."

मी घरी पोचेपर्यंत बातमी पोचली होती. कोपऱ्यावरच्या आक्का दारातच उभ्या होत्या. "शाळा सोडलीस व्हय? बरं केलंस! पोरगा हाय माझ्या बघण्यात. बिद्रीकडचा, कारखान्यात परमनंट."

"अवो आक्का, तसं न्हाय..." आई झारा हातात घेऊन धावली.

"लाजू नगंस गं. रविवारी पावणं येत्यात!"

दुपारी तर कहर झाला. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई दारात रिक्षातून उतरल्या. रिक्षा नेमकी काकांची! वाटभर बाईंनी बोर्डावरच्या गॉगलवाल्याचा उद्धार केला होता, आणि काका गॉगल खिशात दडवून "खरं हाय, बाई, खरं हाय" म्हणत होते.

"पोरीचं शिक्षण बंद करताय? लाज नाही वाटत?" बाईंनी आल्या आल्या तोफ डागली. बाबा वर्गात उठावं तसे उठून उभे राहिले. मग सगळे एकदम बोलू लागले. काका "डिप्लोमा, डिप्लोमा" म्हणत होते, आक्का "बिद्री, बिद्री," आणि आई "चहा घ्या, चहा घ्या!"

"गप्प बसा!" बाई कडाडल्या. "सुजाता, तू सांग. अकरावीला माझ्याकडं येणार, का डिप्लोमाला जाणार?"

'बघू की' अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर आक्का होत्या. आणखी थोडं 'बघत' बसले तर रविवारी कांदेपोहे घेऊन बसावं लागणार, हे लख्ख दिसलं.

"कॉलेजला जाणार! मला जायचंच हाय!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या घरातलं बाळ रडायला लागलं.

"मग इतकं दिस तोंडात काय धरलंतंस?" आई म्हणाली, आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. बाईंनी पाठ थोपटली. मला इतका आनंद झाला की मीही त्या बाळाला साथ दिली.

कॉलेजचा पहिला आठवडा वर्कशॉपमध्ये गेला. लोखंडाचा तुकडा, म्हणजे तिथल्या भाषेत 'जॉब', कानशीनं घासून काटकोनात आणायचा होता. मी घासला, घासला. तो काटकोनात काही येईना, नुसता लहान होत गेला. शेवटी सरांनी विचारलं, "तुझा जॉब कुठाय?" मी मूठ उघडून दाखवली.

हाताला फोड घेऊन घरी आले. खापर कुणाच्या डोक्यावर फोडावं म्हणून एकेकाकडं बघितलं. मग हाताला हळद लावली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. करता काय? आयुष्यातला पहिला निर्णय घेतला, तोही नेमका स्वतःचं डोकं सोडून दुसरं डोकंच मिळू नये असा!