लाल खुणांची सोळा पाने

आमच्या छापखान्यातील मुद्रितशोधकांना सगळे कॉमासाहेब म्हणत. तोंडावर नुसते साहेब. कॉमा ते पाठमोरे झाल्यावर. छापण्यापूर्वी मजकूर वाचून चुकांवर लाल शाईने खुणा करणे हे त्यांचे काम, आणि इंग्रजी मजकूर त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाती जात नसे. मी त्याच छापखान्यात छापील कागद दुमडण्याच्या कामाला होते. त्यांची हकीकत लिहिण्याचा मला अधिकार नाही. परंतु त्यांच्या आयुष्यावर जो डाग पडला तो माझ्या हातून पडला, आणि आज ही गोष्ट केवळ दोघींना ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

चुकीचे इंग्रजी साहेबांना दाताखाली खडा यावा तसे लागे. छापखान्यासमोरच्या चहावाल्याने पाटीवर 'टी' लिहून त्यापुढे वरचा कॉमा आणि मग 'एस' काढला होता. साहेब रोज त्या पाटीखाली उभे राहत.

"अहो, तो कॉमा काढा. चहाच्या मालकीचं इथे काय आहे?"

"साहेब, चहा नीट झालाय ना? मग कॉमासकट प्या."

कोणी 'कझिन ब्रदर' म्हटले की साहेब डोळे मिटून घेत. एकदा कुठल्याशा कचेरीचे पत्रक छापायला आले, त्यात 'रिव्हर्ट बॅक' असे होते. साहेबांनी ते पत्रक घेऊन आलेल्या कारकुनालाच विचारले, "एकदा परतलेला माणूस पुन्हा मागे कुठे चाललाय?" कारकून बिचारा दाराकडे पाहू लागला. 'सेपरेट' या शब्दाच्या मधोमध 'ए'ऐवजी 'ई' बसवल्याबद्दल अक्षरे जुळवणाऱ्या कंपोझिटरने किती बोलणी खाल्ली असतील याची गणती नाही.

"साहेब, वाचणाऱ्याला समजलं की झालं ना?" कंपोझिटर म्हणे.

"मग तू दाढी तरी कशाला करतोस? माणूस आहेस हे तसंही समजतंच की."

चूक दिसली की खूण करण्यापूर्वी साहेब पेनाचे मागचे टोक टेबलावर दोनदा आपटत. टक् टक्. दुमडणीच्या टेबलावर बसून मी तो आवाज दिवसभर ऐके. मला अक्षर ओळखता येत नव्हते. पण साहेबांना किती चुका सापडल्या हे मी न पाहता सांगू शके.

बारा वर्षे त्यांनी एका वहीत लोकांच्या चुका जमवल्या होत्या. डाव्या बाजूला चूक, उजव्या बाजूला बरोबर. त्या वहीचे पुस्तक करण्याचे मालकांनी कबूल केले. शाळा उघडण्यापूर्वी सहाशे प्रती काढायच्या होत्या. ज्या दिवशी पहिले पान जुळले, त्या दिवशी साहेबांनी आम्हा सर्वांना चहा पाजला आणि त्या पाटीकडे मान वर करूनही पाहिले नाही.

एका वेळी सोळा पाने छापली जात. त्या सोळा पानांच्या कच्च्या छपाईच्या दोन प्रती साहेबांकडे येत. एकीवर ते खुणा करीत आणि दुरुस्तीसाठी कंपोझिटरकडे पाठवीत. दुसरी कोरी प्रत स्वतःजवळ ठेवीत. तिसऱ्या सोळा पानांच्या दिवशी, दुपारी, त्यांची थोरली बहीण जिन्यावरून पडल्याचा निरोप आला. साहेब धावपळीने उठले. मी त्यांच्या टेबलाजवळून जात होते.

"बाई, वाचता येतं ना तुम्हाला?"

चौथीपर्यंत शिकले आहे असे सांगून मी कामाला लागले होते. "येतं ना," मी म्हणाले.

"मग वर लिहिलंय ते पाहून कंपोझिटरला द्या. दुसरी प्रत इथेच राहू दे."

टेबलावर दोन गठ्ठे होते. एक पांढरास्वच्छ. दुसऱ्यावर लाल शाईचा असा चिखल झालेला, की कोणाचा घोळणा फुटला असावा. त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेले. मला जे कळत होते ते एवढेच, की रेघोट्या ओढलेला कागद वाया गेलेला असतो. माझ्या मुलांनी वहीत रेघोट्या ओढल्या की मी पाने फाडून चुलीत घालीत असे. वाया गेलेले कागद कोणी पुढे पाठवील का? मी स्वच्छ गठ्ठा उचलून कंपोझिटरला दिला.

त्याने पाने उलटली, पुन्हा उलटली, आणि मशीनवाल्याला हाक मारली. "अरे, ये इकडे! एकही खूण नाही. या माणसाने बारा वर्षांत माझं एक पान सोडलं नाही, आणि आज सोळाच्या सोळा?"

"स्वतःचं पुस्तक आहे," मशीनवाला म्हणाला. "प्रेमाने वाचलं असेल."

संध्याकाळपर्यंत ती पाने छापून झाली. पुढचे दोन दिवस मी बसून ती दुमडली. सहाशेच्या सहाशे. लाकडी पट्टीने घडी दाबताना मला अभिमान वाटत होता, की साहेबांच्या पुस्तकाला माझा हात लागतो आहे.

चौथ्या दिवशी साहेब परत आले. कंपोझिटरने चार पानांवर डावी बाजू उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली होती. शाळेतल्या मुलांनी जे बरोबर म्हणून शिकायचे, तेच चूक होते. शिवाय स्पेलिंगच्या चुका निराळ्या. खालच्या मशीनच्या खोलीतून साहेबांचा आवाज मला ऐकू आला. "मी खुणा केल्या होत्या! प्रत्येक पानावर केल्या होत्या!"

तेव्हा मला समजले. सगळे खाली असताना मी साहेबांच्या टेबलाशी गेले, लाल खुणांचा गठ्ठा उचलला आणि माझ्या पिशवीत घातला. त्या वेळी मला दोन लहान मुले होती आणि घरात मिळवणारे दुसरे कोणी नव्हते. हे कारण म्हणून सांगत नाही. असे होते, एवढेच.

मालकांनी सर्वांसमक्ष मला विचारले, "बाई, कागद तुम्ही नेलेत ना? टेबलावर किती गठ्ठे होते?"

"एकच."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. ते ओरडतील असे मला वाटले होते. ते हळूच खुर्चीवर बसले. "बाईंना वाचता येतं," ते मालकांना म्हणाले. "त्या एकच म्हणतात, तर एकच असेल. मला वाटलं मी खुणा केल्या. केल्या नसतील."

शाळा उघडायला आल्या होत्या आणि पुन्हा छापायला कागद नव्हता, म्हणून मालकांनी तीच पाने बांधून पुस्तके पाठवली होती. शाळांनी बहुतेक परत पाठवली. चुकांच्या पुस्तकात चुका, म्हणून लोक बरेच दिवस हसले. हसण्याने माणूस मोडत नाही. परंतु त्या दिवसापासून साहेबांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. एक पान ते दहा-दहा वेळा वाचू लागले, आणि दहाव्या वेळी पुन्हा पहिल्या ओळीवर येत. टेबलावर कामाचा ढीग साचला. टकटक बंद झाली. रजा टाकून ते शाळाशाळांतून हिंडत आणि ज्या थोड्या प्रती राहिल्या होत्या त्यांत लाल पेनाने दुरुस्त्या करून येत.

एकदा चहावाल्यानेच त्यांना हटकले. "साहेब, कॉमा तसाच आहे हो!"

साहेब थांबले. पाटीकडे बराच वेळ पाहत राहिले. "आहे का? मला बरोबर वाटतोय."

दुसऱ्या दिवशी चहावाल्याने स्टुलावर चढून तो कॉमा खिळ्याने खरवडून काढला. साहेबांच्या ते लक्षातही आले नाही. त्यानंतर सहा वर्षांनी ते गेले.

ती पाने मी पेटीच्या तळाशी, कपड्यांखाली ठेवली. जाळण्याचे मनात अनेकदा आले. परंतु काडी ओढली की कानांत टक् टक् होई आणि हात मागे येई. पुढे तो आवाज काडीशिवायही येऊ लागला. नळ गळताना, सुनेने पोळपाट ठेवताना, नात पाढे म्हणताना. सून म्हणे, "आई, दाराकडे काय बघता सारख्या? कोणी नाही तिथे." मी मान हलवीत असे.

सदुसष्टाव्या वर्षी मी प्रौढांच्या वर्गात नाव घातले. दोन वर्षे आपली अक्षरे, नंतर इंग्रजी. लोकांना वाटले आजींना हौस आली. मला ती सोळा पाने वाचायची होती. साहेबांनी खरोखर सर्व चुका धरल्या होत्या का, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. त्यासाठी वर्गात शेवटच्या बाकावर बसून मी लहान मुलीप्रमाणे स्पेलिंग घोकले. आता बाजारातून चालताना प्रत्येक पाटीवरची चूक मला अडवते आणि त्या पाटीखाली कोणीतरी उभे आहे असे वाटते.

चौथ्या वर्षी वर्गाच्या बाईंनी वाचनासाठी रद्दीतून एक जुने पुस्तक आणले. "मधल्या पानांवर कोणा वेड्याने लाल पेनाने गिरगटलंय," त्या म्हणाल्या. मी पुस्तक हातात घेतले. त्यातील घडी माझी होती.

दुसऱ्या दिवशी मी पेटीतली पाने घेऊन साहेबांच्या बहिणीकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. ताईंना आता जवळजवळ दिसत नव्हते.

"कोण आहे?"

"छापखान्यात दुमडणीच्या कामाला होते मी."

"एकच गठ्ठा म्हणणारी?"

मी उंबऱ्यातच उभी राहून सर्व सांगितले. मग ताई म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी तो माझ्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचत होता. सात वेळा. म्हणाला, ताई, तू बघ, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. मला तेव्हाच नीट दिसत नव्हतं गं. आणि हे तुझ्या पेटीत?"

"हो."

"बस. वाच."

मी बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावून वाचू लागले. छापलेली चूक, मग समासातली साहेबांची दुरुस्ती. प्रत्येक पान संपले की ताई ते मांडीवर घेत आणि त्यावरून बोटे फिरवीत. साहेब पेन दाबून लिहीत. खुणा बोटांना लागत होत्या. "हा त्याचाच हात," त्या पुटपुटत. मधूनच मला टोमणा मारीत. "भराभर वाच की. चौथी पास ना तू?"

"हे सगळं मालकाच्या मुलाला दाखवणार आहे मी," त्या म्हणाल्या. "शिकलेला आहे. एकेक ओळ तपासू दे त्याला. माझ्या भावाचे डोळे कसे होते, कळू दे."

चौदाव्या पानावर माझे बोट थांबले. एका ओळीच्या शेवटी इंग्रजी 'द' हा शब्द होता आणि पुढच्या ओळीच्या आरंभी पुन्हा तोच 'द'. एकच शब्द दोनदा. भराभर वाचणाऱ्याची नजर तेथून घसरते. माझ्यासारखीचे बोट घसरत नाही. समासात खूण नव्हती.

"का थांबलीस?"

"अक्षर पुसट आहे, ताई."

पिशवीत वर्गातले लाल बॉलपेन होते. ताईंचे तोंड खिडकीकडे होते. साहेब काढीत तशी खूण मी शब्दावर ओढली आणि समासात पुन्हा काढली.

सर्व वाचून झाल्यावर ताईंनी विचारले, "एकही सुटली नाही?"

"नाही, ताई. एकही नाही."

त्यांनी सोळा पाने एकावर एक नीट लावली, आणि पुन्हा पहिल्यापासून एकेका पानावरून बोटे नेली. चौदाव्या पानाशी त्यांचे बोट समासात अडले. पुढे गेले, मागे आले.

"इथे त्याचा हात हलका पडलाय."

ताईंनी ते पान इतरांबरोबर ठेवले. मग नखाने त्या गठ्ठ्यावर दोनदा टकटक केले आणि मला म्हणाल्या, "दार ओढून घे जाताना."

ती सवय घरीच त्यांच्यापासून साहेबांना लागली होती की काय, हे मी विचारले नाही. चौदाव्या पानावरील खूण माझी आहे.