सिल्व्हियाच्या हातची किल्ली

लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणजे काय, ते तिसगावच्या सिल्व्हियाला विचारावं. बाई नगरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची, एसटीनं घरी यायची आणि पदर खोचून पुन्हा लॅपटॉपपुढं बसायची. तिनं प्रॉक्सीचं एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. आपण स्वतः न जाता मध्यस्थाच्या हाती निरोप धाडावा, तसा हा इंटरनेटवरचा मध्यस्थ. फुकट, सगळ्यांना खुला; कुणीही वापरावा, कुणीही त्यात सुधारणा पाठवावी. कुठकुठल्या देशांतले लोक आपले निरोप त्यातून पाठवत. आणि आभार? नाव नको! तक्रारी मात्र रोज, जसं काही बाईला पगारच देत होते.

तिची एक खोड होती. कुणीही सॉफ्टवेअरमधला बदल पाठवला, तरी तो काय करतो हे त्याच्या माहितीपुस्तिकेत साध्या भाषेत लिहिल्याशिवाय ती तो आत घेत नसे. लोक वैतागत. हल्ली तीही वैतागली होती.

अशात लुकास नावाचा कुणी परदेशी मदतीला आला. तोंड कधी दिसलं नाही, पण काम चोख अन् बोलणं गोड. निम्मा भार त्यानंच उचलला. मग एकदा त्यानं लिहिलं, "तुम्ही फार थकलात. किल्ली मला द्या, विश्रांती घ्या." किल्ली म्हणजे तिच्या नावानं नवी आवृत्ती बाहेर काढायचा अधिकार. नवरा सत्यवान म्हणाला, देऊन टाक, सुटशील एकदाची. रविवारी चर्चहून आल्यावर द्यायची, असं ठरलं.

द्यायच्या आधी लुकासचा शेवटचा बदल पुस्तिकेत उतरवायला ती बसली आणि त्याच्या प्रोग्राममधल्या एका ओळीशी अडली. ही कशासाठी, ते काही केल्या लिहिता येईना. त्याला विचारलं, तर म्हणाला, एवढं लिहायची गरज नाही. तिनं ती ओळ चालवून पाहिली. मेल्यानं प्रत्येक निरोपाची नक्कल गुपचूप भलतीकडे जायची सोय करून ठेवली होती!

बदल तिनं फेकून दिला, सगळ्यांना सावध केलं. लुकास नाहीसा झाला. किल्ली तिच्याच गळ्यात राहिली. ती डोळ्यांना पदर लावून बसली.

"लोकं वाचली की. रडतीस कशाला?" सत्यवान म्हणाला.

"इतक्या वर्षांत 'थकलात' असं त्या एकट्यानंच म्हटलं होतं, अहो."