तोआनची कॉफी उतरेपर्यंत

मियेनच्या घरी कॉफी प्यायला जायचं तर घाई चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवावी लागते. कुणी म्हणालं, “लवकर दे गं, बाजारात जायचंय,” की ती म्हणते, “मग बाजारातच पी.” आणि खरंच देत नाही.

आमच्या डाक लाकच्या पठारावर कॉफी घराघरात पिकते आणि घराघरात बनते, पण मियेनसारखा हट्ट कुणाचा नाही. परसातल्या बिया ती स्वतः लोखंडी कढईत भाजते. बिया काळ्या तुकतुकीत झाल्या की थोडं लोणी, चिमूटभर मीठ आणि तांदळाच्या दारूचा एक शिपका. वास पार रस्त्यापर्यंत जातो. पेल्याच्या तळाशी डब्यातलं घट्ट गोड दूध ओतायचं आणि वर फिन ठेवायचा, म्हणजे तळाला बारीक भोकं असलेलं पत्र्याचं लहानसं भांडं. त्यात पूड घालून वर चकती ठेवायची, पण ती दाबायची नाही. आधी घोटभर उकळतं पाणी घालायचं, पूड भिजून फुगू द्यायची, मग बाकीचं. त्यानंतर हात मांडीवर ठेवून बसायचं. थेंब आपल्या मर्जीनं पडतात. चकती दाबली तर अडून बसतात आणि घाईनं पाणी ओतलं तर नुसतं काळं पाणी खाली येतं. मियेनच्या घरी पाहुण्याची लायकी या बसण्यावरून ठरते.

तिचा नवरा तोआन मात्र बसायला पक्का होता. गरीब माणूस, आवाज म्हणून चढायचा नाही. तो पेला कधी ढवळायचा नाही. वरची कडू कॉफी प्यायचा आणि तळाला उरलेलं गोड दूध, त्यात मुरलेल्या कॉफीसकट, मियेनच्या हातात द्यायचा. हे सुरू झालं थोरल्या दिराच्या घरात. लग्न होऊन ती व्हिन्ह भावजींच्या घरात आली तेव्हा बिया वेचायच्या बायकांनी, भाजायच्या बायकांनी आणि प्यायच्या पुरुषांनी, अशी रीत होती. बायकांनी कॉफी प्यायली की त्यांचं तोंड सुटतं, असं भावजींचं म्हणणं. मियेनचं तोंड तर माहेराहूनच सुटलेलं होतं, त्यात कॉफीचा काय दोष? तोआन तेव्हापासून चोरून तळ राखून ठेवायला लागला. पुढं दोघांनी उताराखाली वेगळं घर बांधलं, पेले दोन झाले, तरी तळ तिचाच राहिला.

एक खोड मात्र तोआनला होती. थोरल्या भावाला त्याच्या तोंडून ‘नाही’ निघायचं नाही. एका उन्हाळ्यात व्हिन्ह भावजींनी सामाईक विहिरीवरची याची पाण्याची पाळी मागितली, तर हा म्हणाला, “हो दादा.” घरी येऊन मान खाली घालून बसला. दुसऱ्या दिवशी उजाडताच मियेन चढ चढून गेली आणि दारातूनच म्हणाली, “पाणी मिळणार नाही.”

भावजी म्हणाले, “तोआन हो म्हणालाय.”

“तो म्हणाला असेल. मी नाही म्हणतेय.”

परत आली तर ओट्यावर फिन चढवलेला आणि तोआन पुढ्यात बसलेला. काय झालं म्हणून त्यानं विचारलंसुद्धा नाही. त्या दिवशी दूध मात्र त्यानं दुप्पट घातलं होतं.

तो गेला तेव्हापासून त्याचा फोटो देव्हाऱ्यात आहे आणि फोटोपुढं राखेनं भरलेलं त्याचं उदबत्तीचं पात्र. आमच्याकडे गेलेला माणूस त्या पात्राशी येतो, तिथंच त्याच्याशी बोलायचं. इतर लोक चहा ठेवतात. मियेन रोज सकाळी फिनसकट पेला ठेवते. शेजारणी कुजबुजायच्या, अगं, देव्हाऱ्यात कुणी टपटप करणारं भांडं ठेवतं का? मियेन म्हणायची, “आयती उतरलेली कॉफी त्याला कधी आवडली नाही. त्याला बघत बसायला आवडायचं.” उदबत्ती विझली की पेला उतरवून ती स्वतः प्यायची. वरचं कडूही आता तिच्याच वाट्याला आलं होतं.

आणि मग तिसरं श्राद्ध आलं. आमच्याकडे सुतक तिसऱ्या श्राद्धालाच फिटतं, आणि ते फिटलं, की गेलेल्या माणसाचं वेगळं पात्र घराण्याच्या देव्हाऱ्यात न्यायचं, अशी पद्धत. मुलगा असेल तर ते त्याच्या घरी राहतं. मियेनला एकच मुलगी, लुआ, आणि तीही लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. म्हणजे पात्र जाणार व्हिन्ह भावजींच्या घरी, आणि त्यांच्यामागं त्यांचा मुलगा थांग ते सांभाळणार. थांग वाईट नाही, पण त्यानं मोबाइलमधून मान वर काढावी म्हणून कुणाला तरी मरावं लागतं. पात्र तिकडं गेलं असतं तर मियेनला नवऱ्याशी दोन शब्द बोलायला दिराचं दार ठोठावावं लागलं असतं. ज्या घरात तिला कॉफी मिळत नव्हती, त्याच घराचं.

भावजी आणि थांग आले ते लाल कापड घेऊनच, पात्र गुंडाळून न्यायला. पानावर उकडलेली कोंबडी, चिकट भात, बांबूच्या कोंबांचं सूप, सगळं मांडून झालं होतं. लुआनं उदबत्त्या लावल्या. मियेननं देव्हाऱ्यात पेला ठेवला, वर फिन ठेवला आणि घोटभर पाणी घातलं.

भावजींनी खिशातून दोन जुनी नाणी काढली. प्रत्येकाच्या एका बाजूला चुना लावलेला. मेलेल्या माणसाला विचारायचं असेल तर ती बशीत टाकायची. एक पांढरं आणि एक काळं पडलं तर हो, दोन्ही सारखी पडली तर नाही.

“थांबा भावजी, त्याची कॉफी उतरू द्या,” मियेन म्हणाली.

“मेलेल्याला कसली गं कॉफी. मला ऊन व्हायच्या आत परत जायचंय.” त्यांनी हात जोडले, “तोआन, चल, मोठ्या घरी चल,” म्हणाले आणि नाणी टाकली. बशीत गरगरून एक पांढरं पडलं, एक काळं.

“झालं. हो म्हणाला,” भावजी कापड उलगडत म्हणाले.

“कॉफीआधी तो कुणालाही हो म्हणायचा,” मियेन म्हणाली. “पिच्छा सुटावा म्हणून. सगळ्या वाडीला माहितीये. ते नाही धरायचं.”

श्राद्धाला जमलेल्या बायकांमध्ये हसू फुटलं. थांगसुद्धा हसला. भावजींचे कान लाल झाले, पण हसणाऱ्यांसमोर चिडणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं. “बरं,” ते म्हणाले, “पिऊ दे त्याला. मग परत विचारतो. पण मग तुझं काही ऐकणार नाही.”

“पूड फुगलीय. पाणी घालते,” मियेन म्हणाली. बाकीचं पाणी तिनं शांतपणे ओतलं. बाहेरून शांतपणे. आतून तिचा जीव मुठीत होता. आयुष्यात एकदा, मनातल्या मनात ती फोटोला म्हणत होती, एकदाच नाही म्हण.

मग सगळे बसले. व्हिन्ह भावजी त्या घरात आयुष्यात पहिल्यांदा कॉफी उतरेपर्यंत बसले. ते घसा खाकरायचे, मांडी बदलायचे, फिनचं झाकण उचलून बघायला हात पुढं करायचे. मियेन म्हणायची, “हात लावू नका, रुसते ती.” शेवटचा थेंब पडला. उदबत्त्या सरत आल्या होत्या. भावजींनी नाणी कपाळाला लावली, पुन्हा विचारलं आणि बशीत टाकली.

एक पांढरं. एक काळं.

मियेन फोटोकडं बघत राहिली आणि तिला असा राग आला, की फोटो पालथा घालावासा वाटला. मेल्या, आतासुद्धा? कॉफी पिऊनसुद्धा? तीन वर्षं तुला घडीघडी मनातलं सांगितलं ते काय भिंतीला? फोटोत तोआन नेहमीसारखा मान जराशी कलती करून बघत होता, विहिरीच्या पाण्याला नाही म्हणून ती परत आली होती तेव्हा बघत होता तसाच. आणि मियेनचा राग मध्येच थांबला. हा माणूस हो म्हणायचा. नाही म्हणायचं काम त्यानं कायम तिच्यावर टाकलेलं. आज मरून तीन वर्षं झाली म्हणून काय तो बदलणार होता?

उदबत्त्या विझल्या तशी भावजींनी पात्राला हात घातला.

“राहू दे ते तिथंच, भावजी,” मियेन म्हणाली.

“त्यानं दोनदा हो म्हटलंय.”

“म्हटलं असेल. मी नाही म्हणतेय.”

“मेलेल्याचा शब्द मोडतेस?”

“जिवंत होता तेव्हाही मोडायची. त्यालाच विचारा, त्याची कधी तक्रार होती का.”

भावजींचा आवाज चढला. “आणि तू गेलीस की? कोण लावणार उदबत्ती? लुआ? तिला सासरचं घर आहे. काय गं लुआ, तूच सांग. मोठे काका चुकीचं बोलतायत का?”

लुआ बापावर गेलेली. काकांनी विचारलं की मान डोलवायची, एवढंच तिला लहानपणापासून ठाऊक. ती उठली. मियेनला वाटलं, संपलं, ही पण हो म्हणणार. लुआनं पुडीतून नवीन उदबत्ती काढली, दिव्यावर पेटवली आणि बापाच्या पात्रात राखेत खोल रोवली.

पेटती उदबत्ती असताना पात्र हलवायचं नाही, हे सगळ्यांना व्हिन्ह भावजींनीच शिकवलेलं. त्यांनी हात मागं घेतला. “विझेल ती,” ते म्हणाले.

“मग दुसरी लावीन, मोठे काका,” लुआ म्हणाली. आवाज अगदी बारीक, पण पुडी तिनं हातातच ठेवली होती आणि ती तिथंच मांडी घालून बसली.

मियेननं देव्हाऱ्यातला पेला उतरवला. रीतीप्रमाणे प्रसादाचा पहिला मान घरातल्या थोरल्या पुरुषाचा, आणि भावजींचा हात सवयीनं पुढं आलाही. मियेननं पेला स्वतःच्या तोंडाला लावला. न ढवळता वरची कडू कॉफी सावकाश प्यायली, सगळ्यांसमोर. मग तळ लुआच्या हातात दिला.

“तळ तुझा,” ती म्हणाली. लुआनं पेल्यात बघितलं आणि ती रडायला लागली, आणि रडता रडताच प्यायली.

जेवणं झाली. भावजी जेवले, कारण श्राद्धाच्या पानावरून उठून जायचं नसतं. तोवर लुआनं दोनदा नवी उदबत्ती लावली. निघताना त्यांनी लाल कापडाची घडी काखेत मारली आणि दारात चपला घालता घालता म्हणाले, “पुढच्या वर्षी मी परत विचारणार आहे त्याला.”

“विचारा की,” मियेन म्हणाली. “तो हो म्हणेल. मग मला विचारा.”

आणि ती फिन धुवायला आत गेली.